तळघरासाठी किती वॉटचा हीटर? – माझा अनुभव

‘चौरस फूट किती?’ तळघरात इलेक्ट्रिक हीटर बसवायचा म्हटलं की जो तो एवढंच विचारतो. ६०० सांगितलं की उत्तर तयार: ६,००० वॉट. चौरस फुटाला १० वॉट, विषय संपला. भिंतींना इन्सुलेशन आहे का, किती भाग मातीखाली आहे, काही नाही. मला याचा अजूनही राग येतो, कारण त्या एका आकड्यापायी सगळं काम अडलं.

६,००० वॉट म्हणजे २४० व्होल्टवर २५ अँपिअर. आमच्या पॅनेलमध्ये तेवढी सोयच नव्हती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘आधी लोड वाढवून घ्या.’ वीज कंपनीत अर्ज द्यायला गेले तर तिथे म्हणे, ‘उष्णतेचा हिशोब जोडा.’ आणि विक्रेत्याकडे हिशोब मागितला की तो पुन्हा तोच गुणाकार कागदावर लिहून देणार! थंडी वाढत होती, अर्ज होता तिथेच.

शेवटी हिशोब मीच काढला. जमण्यासारखा आहे, म्हणून तर लिहितेय. १,५०० वॉटचा साधा हीटर तळघरात सलग चालू ठेवला, थर्मोस्टॅट पूर्ण वर, आतला पारा हलायचा थांबेपर्यंत. (घरात कुणीतरी असतानाच. आणि प्लग थेट भिंतीत, एक्स्टेंशन अजिबात नको.) वरचा मजला नेहमीइतकाच गरम. पारा थांबला म्हणजे हीटर देतो तेवढीच उष्णता बाहेर जातेय. पहाटे बाहेर उणे २, आत १८. फरक २० अंशांचा, म्हणजे एका अंशाला ७५ वॉट. कडाक्याच्या थंडीत बाहेर उणे २० धरलं आणि आत २० हवे असले, तर फरक ४० चा. म्हणजे ३,००० वॉट. सांगितलं होतं त्याच्या बरोबर निम्मे! शिवाय माती बाहेरच्या हवेइतकी गार पडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सहसा याहून थोडं कमीच लागतं.

तरी हात राखून २,००० आणि १,५०० वॉटचे दोन बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवायचे लांबट हीटर) घेतले. मिळून साधारण १४.६ अँपिअर. सतत चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे २० च्या ब्रेकरवर १६ पर्यंत. एकाच सर्किटवर दोन्ही बसले. लोडवाढीचा अर्ज मागे घेतला तेव्हा काय हायसं वाटलं!

हो, मोजणीच्या आधी करायचं एक काम राहिलं सांगायचं. पायाच्या भिंतीवर लाकूड टेकतं तिथली फट बुजवा. आमच्याकडे तिथलं कोळिष्टक दारं-खिडक्या बंद असतानाही सारखं हलत होतं. फोम भरल्यावर थांबलं.

ऑइलचा, फॅनचा की बेसबोर्ड, यात फार वेळ घालवू नका. १,५०० वॉट ओढणारा कुठलाही हीटर उष्णता तेवढीच देतो. विजेच्या मानाने जास्त ऊब हवी असेल तर हीट पंपच (बाहेरची उष्णता आत ओढून आणणारं यंत्र) बघावा लागतो. थर्मोस्टॅट मात्र बाहेरच्या गार भिंतीवर लावू देऊ नका, आतल्या भिंतीवरच घ्या.