आयझेनहॉवरचा चढ आणि मागे ७,००० पाउंडांचा कॅम्पर

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० हायवेने पश्चिमेला निघालं की तासाभरात आयझेनहॉवरचा बोगदा येतो. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी त्या चढावर कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, लावलेले पिकअप नुसते रांगेने दिसतात आणि त्यात आता आपली मराठी मंडळीपण बऱ्यापैकी असतात. नवीन ट्रक घेतलेल्या प्रत्येकाचा मला प्रश्न एकच, "दादा, ओढायची कपॅसिटी ११,००० पाउंड लिहिलीय, ७,००० चा ट्रेलर आरामात ओढेल ना?" ओढेल हो. पण मला काळजी वेगळ्याच दोन गोष्टींची असते, एक म्हणजे पेलोड आणि दुसरं म्हणजे उतार.

आधी पेलोड. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक पिवळं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ब्रोशरमधला आकडा विसरा आणि हे वाचा. समजा तिथे १,५०० पाउंड आहे. ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर येतं (ह्यालाच टंग वेट म्हणतात), म्हणजे ७,००० च्या ट्रेलरचं १३ टक्क्यांनी ९१० झालं, वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे, म्हणजे वजन वाटून देणाऱ्या जोडणीचे, धरा ८०, आणि आईवडील दोन मुलं मिळून ५५०. झाले १,५४०! अजून कूलर नाही, सायकली नाहीत, कुत्रा नाही. आणि टंग वेट कमी करायचं म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला ढकलू नका प्लीज, पुढे वजन कमी पडलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि हायवेच्या स्पीडला ते फार भयानक असतं.

आता तो कपॅसिटीचा आकडा कुठून येतो तेपण सांगतो. एसएई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे२८०७ म्हणून एक स्टँडर्ड आहे, त्यातली चढाची टेस्ट ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे, ११.४ मैल चढ, १०० डिग्री फॅरनहाइट उकाडा, एसी फुल चालू, आणि मागे दोनच चाकं असलेल्या साध्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली जायचं नाही. टेस्ट कडकच आहे, पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो आणि आपला बोगदा आहे ११,१५८ फुटांवर! बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे वरती पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेली, ३०० हॉर्सपॉवरचे उरले २०० च्या आसपास. टर्बो विरळ हवा दाबून आत भरतो म्हणून त्याला एवढा फटका बसत नाही. कोलोरॅडोत राहून टो करणार असाल तर टर्बोच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, पेट्रोल असो की डिझेल.

चढताना मात्र घाबरण्यासारखं फारसं काही नाही. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाचं गिअरचं सेटिंग, लावा, उजवी लेन धरा, ४५ वर आलात तर येऊ दे, इंजिन ओरडलं तर ओरडू दे, ट्रान्समिशनच्या टेंपरेचरकडे तेवढं लक्ष ठेवा.

खरी गोष्ट पुढे आहे. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सुमारे ८ मैलांत २,००० फूट खाली यायचं असतं, काही ठिकाणी ७ टक्के उतार. ट्रक, ट्रेलर, माणसं मिळून ६ टन धरले तर तेवढं उतरताना जी एनर्जी सुटते ती १० युनिट विजेइतकी होते, आणि तीही दहा-अकरा मिनिटांत. त्यातली काही हवा आणि टायर खातात, बाकीची एक तर इंजिन अडवणार नाहीतर ब्रेक तापणार. ब्रेक सतत दाबून ठेवले की ते इतके तापतात की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणूनच त्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकना थांबवायला रनअवे ट्रक रॅम्प बांधलेत.

खंडाळा, कसारा ज्यांनी चालवलाय त्यांना घरून शिकवलेलं असतं, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक आल्यावर लोक ते विसरले. उतार सुरू व्हायच्या आधीच स्पीड कमी करा, खालचा गिअर लावा, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू करा, आणि पायातला ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून मग पूर्ण सोडा, त्याला गार व्हायला वेळ मिळतो. ट्रेलरचे ब्रेक ड्रायव्हरजवळच्या कंट्रोलरवरून घरापासच्या रस्त्यावरच तपासून निघा.

परत येतानाही डेन्व्हर दिसायला लागलं म्हणून सैल सोडू नका. जेनेसीच्या पुढे ट्रकवाल्यांसाठी बोर्डच आहे की फसू नका, अजून ४ मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. २५ एप्रिल २०१९ ला ह्याच रस्त्यावर खाली लेकवूडमध्ये ब्रेक गेलेला एक सेमी, म्हणजे मोठा मालवाहू ट्रेलर-ट्रक, ट्रॅफिकमध्ये घुसला, ४ माणसं गेली. आपला कॅम्पर सेमीएवढा नसतो हे खरं, पण उतार तोच आहे.

अजून एक, पाण्याची टाकी घरून भरून नेऊ नका. ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंडांच्या वर, कॅम्पग्राउंडला पाणी असेल तर तिथेच भरा. आणि सगळं सामान, सगळी माणसं बसवून एकदा ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी घाला. थोडेच डॉलर लागतात, पुढच्या ॲक्सलचं, मागच्या ॲक्सलचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, ते दाराच्या स्टिकरशेजारी धरून बघा.