दिवा उघडणारी माणसं

मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, बोलणारा माणूस इंग्रजी शिकू लागला की कधी ना कधी ‘ओपन द लाइट’ म्हणतोच. दिव्याला ना झाकण ना कडी, मग उघडायचं काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो. बोलणाऱ्याला पडत नाही, कारण त्याच्याकडे दाराला आणि दिव्याला एकच क्रियापद आहे : ‘खाय’. (आपल्याला ते पंगतीतल्या आग्रहासारखं ऐकू येतं, पण खाण्याशी त्याचा काही संबंध नाही.)

या शब्दाचं जुनं चिनी अक्षर म्हणजे चित्रच. दोन फळ्यांचं दार, मध्ये अडसर आणि तो उचलणारे दोन हात. १९५६च्या लिपी-सुलभीकरणात चीनने त्यातलं दारच काढून टाकलं, अडसर आणि हात तेवढे उरले. शब्द मात्र त्याआधीच दार सोडून गावभर हिंडत होता. गाडी ‘खाय’ म्हणजे चालवणं, बैठक ‘खाय’ म्हणजे भरवणं, औषध ‘खाय’ म्हणजे डॉक्टरने लिहून देणं. फूल उमलतं तेही ‘खाय’ आणि पाणी उकळतं तेही. उकळत्या पाण्याला ‘खाय श्वे’ म्हणतात, म्हणून तर चीनमध्ये गरम पाण्याच्या खोलीवर कधीकधी ‘ओपन वॉटर रूम’ अशी पाटी दिसते.

इंग्रजी ‘ओपन’ एवढं दिलदार नाही. मिटलेलं, झाकलेलं काही बाजूला होऊन वाट मोकळी होत असेल तर ‘ओपन’ : दार, डबा, डोळे, छत्री. वीज, पाणी, गॅस वाहू लागणार असेल तर ‘टर्न ऑन’. म्हणून कॉम्प्युटर ‘टर्न ऑन’ करायचा आणि त्यातली फाइल ‘ओपन’. हे ‘टर्न’ उगाच आलेलं नाही. नळाची चावी खरोखरच पिळावी लागते, गॅसच्या दिव्याचीही लागायची. बटण नुसतं दाबायचं झालं तरी शब्द पिळतोच आहे.

एवढं जमलं की पुढची ठेच ‘इट’ची. ‘टर्न ऑन द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑन’ही चालतं; पण दिव्याच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसणार, ‘टर्न इट ऑन’. ‘टर्न ऑन इट’ म्हटलं की कान टोचतो. आणि सगळ्यांत चिवट चूक अवस्थेची. मँडरिनमध्ये ‘खाय’ला एक शेपूट जोडलं की दिवा चालू असल्याचं कळतं; विद्यार्थी त्या शेपटाचं ‘-इंग’ करतो आणि ‘द लाइट इज ओपनिंग’ म्हणतो. तिथे नुसतं ‘ऑन’ हवं. दुकानही ‘इज ओपन्ड’ नसतं, ‘इज ओपन’ असतं.

चिनी लोकांनाच हसू नये. कॅनडातल्या माँट्रियलमध्येही ‘ओपन द लाइट’ ऐकू येतं, तिथल्या फ्रेंचच्या वळणाने.

आपण या खड्ड्यात पडत नाही, कारण मराठी भलतीच काटेकोर : दार उघडायचं, दिवा लावायचा, नळ सोडायचा. हा काटेकोरपणा उघडण्यापुरताच. दार बंद, दिवा बंद, नळही बंद. मँडरिनचं ‘क्वान’ही असंच तिन्हींना पुरतं. त्यामुळे ‘ओपन द लाइट’ला हसणारा मराठी माणूस खोलीतून निघताना बिनदिक्कत ‘क्लोज द फॅन’ म्हणतो.