बनावट लॅटिनचे एक क्रियापद

एखाद्याला गोंधळात टाकण्यासाठी, बिचकवण्यासाठी, त्याचे चित्त ठिकाणावरून हलवण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांची मुळीच वानवा नाही. तरीही त्या सगळ्या गोतावळ्यात 'डिसकॉम्बॉब्युलेट' या क्रियापदाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. हा शब्द पहिल्या भेटीत सहसा कोणाला धड उच्चारता येत नाही. जीभ 'डिस' म्हणून मोठ्या ऐटीत निघते, 'कॉम'पाशी जरा सावध होते, 'बॉब'पाशी ओठ दोनदा एकमेकांवर आपटतात, आणि शेवटच्या 'लेट'पर्यंत पोहोचता पोहोचता बोलणाऱ्याचीच थोडीशी भंबेरी उडालेली असते. समोरच्याला गोंधळवण्याचा अर्थ सांगणारा शब्द आधी आपल्याच मालकाला गोंधळवतो, आणि हे त्याने अंगी बाणवलेले काम तो गेली जवळजवळ दोनशे वर्षे इमानाने करीत आहे.

त्याची आणखी एक गंमत म्हणजे त्याला मूळच नाही. दिसायला तो एखाद्या जुन्या विद्यापीठातून बाहेर पडलेला वाटतो. 'डिस' म्हणजे विलग करणे, 'कॉम' म्हणजे एकत्र, आणि 'युलेट' हे शेपूट तर 'कॅल्क्युलेट', 'रेग्युलेट', 'स्पेक्युलेट' अशा प्रतिष्ठित मंडळींच्या अंगावर दिसणारे. लॅटिन व्याकरणाचा अंगरखा, उपरणे आणि पगडी असा सगळा सरंजाम जागच्या जागी आहे. फक्त आत जिथे माणूस असायला हवा, म्हणजे जिथे धातू असायला हवा, तिथे 'बॉब' बसलेला आहे. इंग्रजीत बॉब म्हणजे पाण्यावर वरखाली होणे, आखूड कापलेले केस, इंग्लंडातला जुना शिलिंग किंवा रॉबर्ट नावाच्या माणसाचे घरगुती नाव. लॅटिनमध्ये मात्र त्याला कवडीचाही अर्थ नाही. 'डिसकम्पोज' किंवा 'डिसकम्फिट' या सभ्य शब्दांची कोणीतरी थट्टेने केलेली ही मोडतोड असावी, एवढेच कोशकार सांगतात.

ती मोडतोड झाली अमेरिकेत, १८३०च्या दशकात. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये 'सन' नावाचे एका सेंटला मिळणारे वर्तमानपत्र निघाले. तोवर प्रतिष्ठित पत्रांची किंमत सहा सेंट असे, त्यामुळे ती व्यापारी आणि वकील वाचत. हे नवे पत्र मात्र कारागीर, हमाल, दुकानातली पोरे विकत घेऊ लागली, आणि त्यांना रिझवण्यासाठी पोलीस कोर्टातल्या गमती आणि भाषेच्या कोलांटउड्या छापून येऊ लागल्या. १८३४ साली याच पत्रात आपल्या शब्दाचा पूर्वज 'डिसकॉम्बॉब्रॅकेटेड' अशा रूपात छापलेला सापडतो. पुढे 'डिसकॉम्बॉब्रिकेट' वगैरे सख्खी-चुलत भावंडेही झाली, आणि त्या गर्दीतून आजचे रूप टिकले. माझ्या मते ते टिकले ते केवळ नादामुळे. 'ब्रॅकेट'मध्ये जो खडखडाट आहे तो 'ब्युलेट'मध्ये नाही, आणि गोंधळलेला माणूस खडखडत नाही, तो डुगडुगतो.

त्या काळची अमेरिका अशा शब्दांनी अक्षरशः भरून गेली होती. घाईने पोबारा करणे याला 'ॲब्स्क्वॉच्युलेट' म्हणत, गंडवणे याला 'हॉर्नस्वॉगल'. अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष होता, सीमेवरचा उडाणटप्पू शिकारी हा रंगभूमीवरचा लाडका नायक झाला होता, आणि पूर्वेकडच्या शहरांतले शिष्ट लोक अजून इंग्लंडकडे बघून बोलत होते. १८२८ साली नोआ वेबस्टरने सुमारे सत्तर हजार शब्दांचा अमेरिकन कोश सिद्ध केला, त्यासाठी म्हातारपणापर्यंत भाषांमागून भाषा शिकला, आणि प्रत्येक शब्दाला कुळ शोधून दिले. त्यातली बरीच कुळे पुढे चुकीची ठरली हा भाग वेगळा. त्या महाग, भारदस्त ग्रंथाला सहा वर्षे होतात न होतात तोच एका सेंटच्या पत्राने कुळ नसलेला शब्द लॅटिनच्या थाटात उभा करावा, यात निव्वळ वात्रटपणा नव्हता. सभेत, चर्चमध्ये आणि कोर्टात ज्यांच्या जड शब्दांनी सामान्य माणूस गांगरून जाई, त्यांच्याच शब्दांचे सोंग घेऊन त्याने केलेली ती परतफेड होती. १८३९च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याचे आद्याक्षरी रूप म्हणून जे 'ओके' छापले, तेही याच टवाळखोर घराण्यातले अपत्य.

हा प्रकार मराठी माणसाला नवा वाटू नये. भाषाशुद्धीच्या चळवळीची टर उडवण्यासाठी आपल्याकडे रेल्वेच्या सिग्नलला 'अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका' या चालीवरचे शब्द पाडले गेले आणि पिढ्यानपिढ्या शाळकरी मुलांनी ते एका दमात म्हणून दाखवले. फरक इतकाच की आपल्या विनोदी शब्दात संस्कृत अगदी खरे होते आणि म्हणून तो शब्द विनोदच राहिला. अमेरिकनांनी लॅटिन खोटे वापरले आणि त्यांचा शब्द संसाराला लागला.

त्या अमेरिकन शब्दांच्या वैभवाची एक आठवण मात्र काळीज हलवणारी आहे. १८६५ सालच्या १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन एक विनोदी नाटक पाहत बसले होते. नाटककार इंग्लिश होता आणि नाटकातला गावंढळ अमेरिकन नायक, अमेरिकन माणूस असाच बोलतो अशा समजुतीने, एका कावेबाज बाईला 'सॉकडोलॉजायझिंग' हे विशेषण बहाल करतो. ठोसा या अर्थाचा 'सॉक' आणि चर्चमधल्या स्तवनाचे नाव 'डॉक्सॉलॉजी' यांची सरमिसळ या शब्दामागे असावी असा एक तर्क आहे. म्हणजे हाही त्याच १८३०च्या दशकातल्या टाकसाळीतून निघालेला. लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ स्वतः नट होता, नाटक त्याच्या माहितीचे होते, आणि या वाक्याला प्रेक्षागृह हसून दणाणते हे ओळखून त्याने नेमका तो क्षण गोळी झाडण्यासाठी धरला, असे मानले जाते. लिंकन यांच्या कानांवर पडलेल्या अखेरच्या शब्दांत एक बनावट शब्द होता, हे वाचल्यापासून मला या सगळ्या खानदानाकडे नुसते हसून पाहता येत नाही.

पण पुन्हा आपल्या क्रियापदाकडे वळू, कारण त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना केल्यावाचून त्याचा स्वभाव कळत नाही. 'बिविल्डर' म्हणजे मुळात माणसाला रानात नेऊन वाट चुकवणे. 'परप्लेक्स'च्या पोटात वेणी घालण्याचा, गुंफण्याचा लॅटिन धातू आहे. 'डिसकन्सर्ट'मध्ये दोघांचे जुळलेले मेतकूट विस्कटते. 'फेझ' हे तर अँग्लो-सॅक्सन काळापासूनचे, हाकलून लावणे या अर्थाच्या क्रियापदाचे वंशज. पण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात त्याला नवे आयुष्य मिळाले ते जवळजवळ नकारातच. अमुक गोष्टीने तो डगमगला नाही असे सांगतानाच 'फेझ' कामाला येते. डगमगला असे सांगायचे झाले तर लोक दुसरा शब्द शोधतात. 'नॉनप्लस'ची कथा याहून विचित्र आहे. लॅटिनमध्ये 'याउपर नाही' एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्यापुढे बोलायला काही उरले नाही असा निरुत्तर माणूस नॉनप्लस झालेला. आता अमेरिकेत कित्येक लोक, बहुधा त्यातल्या 'नॉन'ला फसून, हाच शब्द 'ज्याच्यावर काही परिणाम झाला नाही' अशा नेमक्या उलट अर्थाने वापरतात. इतके भरभक्कम मूळ असूनही 'नॉनप्लस' उलटा झाला, आणि आपला निर्मूळ शब्द मात्र दोनशे वर्षांत अर्थापासून इंचभरही ढळला नाही.

याचे श्रेय मी पुन्हा ओठांना देईन. बॅफल, बिविल्डर, बिफडल, बॅबल, बॅम्बूझल: इंग्रजीतल्या गोंधळाच्या आणि बडबडीच्या शब्दांत 'ब'चा केवढा तरी सुकाळ आहे. यांतल्या 'बॅम्बूझल'वर 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चे लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० सालीच भाषा बिघडवणारा उपटसुंभ म्हणून नाक मुरडले होते. तो शब्द अजून ठणठणीत आहे. आणि आपल्याकडे पाहावे तर बावरणे, बावचळणे, भांबावणे, भंबेरी, बोबडी वळणे. ग्रीकांनी परक्यांना 'बार्बरोस' म्हटले आणि संस्कृताने 'बर्बर', ते त्यांचे बोलणे अडखळत्या 'बरबर'सारखे कानावर आले म्हणून. बोलायला जावे आणि ओठ नुसते एकमेकांवर आपटत राहावेत, शब्द बाहेर पडू नये, ही अवस्था ज्या अक्षरात सर्वांत चांगली ऐकू येते ते अक्षर अमेरिकेतल्या त्या अज्ञात विनोदवीराने दोनदा वापरले. धातू नसला म्हणून बिघडले कुठे!

मराठीत या प्रसंगाला क्रियापदापेक्षा नाम अधिक मानवते, आणि त्या नामाला नेहमी पंख फुटतात. तारांबळ उडते, धांदल उडते, गाळण उडते, त्रेधातिरपीट उडते, घाबरगुंडी उडते. त्यातल्या 'तारांबळ'ची व्युत्पत्ती लग्नघटिका भरताना भटजी म्हणतात त्या 'ताराबलं चंद्रबलं'पर्यंत नेली जाते, आणि मंगलाष्टके संपत आली असताना हार कुठे ठेवला म्हणून धावणारी मामे-मावश्यांची पलटण ज्याने पाहिली आहे त्याला ती पटतेच. यात कोणी कोणाला काही केले असे सहसा नसते. ते आपले उडते. इंग्रजी क्रियापदाला कर्ता लागतो खरा, पण 'डिसकॉम्बॉब्युलेट'च्या बाबतीत तोही बहुतेक वेळा गैरहजरच. लोक 'मी डिसकॉम्बॉब्युलेटेड आहे' असे सांगून मोकळे होतात, आणि हे सांगताना हसू शकतात. 'रॅटल', म्हणजे हादरवून टाकलेला, साक्षीदार किंवा खेळाडू हसत नाही. त्याला कोणीतरी ठरवून हलवलेले असते.

जो शब्द 'डिस'ने सुरू होतो त्याची सुलट बाजू कुठे असते, हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांना अधूनमधून छळतो. 'डिसग्रंटल्ड' म्हणजे नाराज, मग खूश माणूस 'ग्रंटल्ड' का नाही? तिथे उत्तर आहे: 'ग्रंटल' म्हणजेच कुरकुरणे, आणि 'डिस' ती कुरकुर पुरेपूर असल्याचे सांगतो. 'कॉम्बॉब्युलेट'ला तेवढाही आधार नाही. तरीही २००८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या विमानतळाने सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, बाके मांडलेल्या जागेवर, 'रिकॉम्बॉब्युलेशन एरिया' अशी पाटी टांगली. तपासणीच्या यंत्रातून बाहेर आलेला प्रवासी एका हाताने पँट सावरीत, दुसऱ्या हातात बूट, पट्टा, लॅपटॉप आणि नाणी कवटाळून जिथे टेकतो आणि पुन्हा पूर्ववत माणूस होतो, ती ही जागा. अमेरिकेतल्या इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या 'अमेरिकन डायलेक्ट सोसायटी'ने त्या वर्षीच्या सर्वांत कल्पक शब्दाचा मान या पाटीला दिला. ही पाटी ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली त्याला सरकारी जागेतही विनोद करता येतो हे ठाऊक होते, आणि मला ते कौतुकास्पद वाटते. कारण जिथे माणसाला विस्कटून टाकतात त्या अलीकडच्या रांगेवर 'डिसकॉम्बॉब्युलेशन एरिया' लिहिण्याचे धाडस कोणी केलेले नाही. तिथल्या पाट्या हुकमाच्याच भाषेत बोलतात. २०२५च्या जुलैत अमेरिकेने बूट काढण्याची सरसकट सक्ती उठवली, म्हणजे मिलवॉकीच्या त्या बाकांचे थोडे काम कमी झाले. पण पट्टा, कोट आणि लॅपटॉप यांच्यापायी साध्या रांगेतल्या प्रवाशाला तिथे टेकण्याचे पुरेसे कारण अजून उरलेले आहे.