भरतीच्या वेळचा थवा

उजाडताना किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. सकाळ सुरेख गेली. कुरव, सुरय, लांब वाकड्या चोचीचा एकटा कोरल, सगळ्यांची नोंद वहीत आहे. लिहायचंय ते दुपारच्या भरतीबद्दल.

भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि तिथे चरणाऱ्या पक्ष्यांचं खाणं थांबतं. मग पाणी उतरेपर्यंत ते उरलेल्या वाळूवर दाटीवाटीने विसावतात. त्या दिवशी शंभरेक चिखल्यांचा थवा असाच बसला होता. मी वाळूत पालथा पडून दुर्बीण लावली. कडेचा एक चिखल्या एका पायावर उभा होता, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. वसंताची चाहूल त्याच्या अंगावर दिसत होती. हिवाळ्यातल्या मळकट छातीवर विणीच्या हंगामाची तांबूस पिसं फुटत होती, कुठे दाट, कुठे नुसती दोन-चार. मधूनच डोळा उघडून तो मला बघून घ्यायचा आणि पुन्हा मिटायचा.

तेवढ्यात मोठी लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन एक गृहस्थ टाळ्या वाजवत सरळ थव्यावर चालून गेले. त्यांना उडत्या थव्याचा फोटो हवा होता. थवा उठला, फिरून बसला, त्यांनी पुन्हा उठवला. मग मात्र मला राहवेना.

"अहो, बसू द्या ना त्यांना. लांब जायचंय त्यांना."

"पक्षीच आहेत, उडणारच की!"

असा संताप आला! या दिवसांत हे पक्षी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवत असतात, तीच वाटेतली शिदोरी. २०२२ साली गॉडविट या अशाच चिखलात चरणाऱ्या पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघून ११ दिवस कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचलं, १३,५६० किलोमीटर! तेही असंच चरून जमवलेल्या चरबीवर. आपण एकदा थवा उठवला की त्यातलाच थोडा साठा फुकट जळतो.

मीही हे केलंय. टाळ्या नव्हत्या वाजवल्या, पण फोटोसाठी मुद्दाम पाच पावलं पुढे गेलो होतो आणि सगळा थवा उठला होता. तो फोटो मी आता कुणाला दाखवत नाही. हल्ली पक्ष्यांनी माना ताठ केल्या की जिथे असेन तिथे थांबतो, आणि तरी त्यांची चुळबुळ चालू राहिली तर मागे सरकतो.

ते गृहस्थ गेले. थवा दूरच्या खडकांवर जाऊन बसला. माझा तो तांबूस छातीचा चिखल्या त्यात कुठे आहे, हे पाणी उतरेपर्यंत शोधत राहिलो. तो काही सापडला नाही.