शे म्हणजे आहे

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर होते. लसीकरणाचा दिवस होता, पुढ्यात बायाबापड्या लेकरं घेऊन बसल्या होत्या. हो म्हटलं आणि कामाला लागले. पण दिवसभर मनात आपली शाळाच होती.

1996 च्या जूनमध्ये मी पहिलीत बसले. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. समोर ओटा, ओट्यापुढे निंब आणि निंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. तीच आपली घंटा. ती वाजवणारे बाबा शाळेचे नोकर नव्हते. अमळनेरला गिरणीत उमर घालवून ते गावी परतले होते. गिरणीच्या भोंग्यावर सारं आयुष्य बांधलेलं. शाळेची वेळ चुकलेली त्यांना खपत नसे. पावसापाण्यात, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ते यायचे आणि लोखंडी खिळ्याने मोजून ठोके द्यायचे. गावाने त्यांना यासाठी कधी पैसा दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल आधी लिहिलं.

बाई साताऱ्याकडच्या, नव्यानेच नेमणूक झालेल्या. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहून रडत होते. बाईंनी जवळ घेऊन विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "माले घर जानं शे." बाईंना 'घर' कळलं, 'शे' कळेना. त्यांनी वर्गालाच विचारलं, "शे म्हणजे काय रे?" साऱ्या पोरांनी एका सुरात सांगितलं, "आहे!" बाईंनी फळ्यावर लिहिलं : शे म्हणजे आहे. मग पिशवीतून एक लांबट वही काढून त्यातही लिहिलं. माझं रडं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. आपल्या घरातला शब्द फळ्यावर बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या वहीत पुढे रोज भर पडत गेली. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, धल्ला म्हणजे म्हातारा. "पोट दुखस" म्हणणाऱ्याला बाई आधी पाणी द्यायच्या, "पोट दुखतं असं म्हणतात" हे नंतर, हळूच सांगायच्या. अहिराणी बोललं म्हणून आमच्यापैकी कुणाला छडी बसली नाही. माझ्या पुढच्या शिक्षणात एका ठिकाणी याच बोलीवरून मला सगळ्यांसमोर बोल ऐकावे लागले, तेव्हा बाईंची किंमत मला खऱ्या अर्थाने कळली.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. आई-बाप वावरात, आणि मोठ्या बहिणी घरी धाकट्यांना सांभाळत. मीही त्यातलीच, माझा भाऊ तेव्हा वर्षाचा होता. आठ दिवस मी शाळेत गेले नाही तर गुरुजी सायकलने थेट वावरात आले. बापाला काही बोलले नाहीत. बांधावर बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "ताई, पोराला घेऊनच पाठवा पोरीला. वर्गात झोळी बांधू." दुसऱ्या दिवशी खरोखरच तुळईला जुन्या लुगड्याची झोळी होती. मी पाटीवर बेरजा करायचे आणि पायाच्या अंगठ्यात अडकवलेल्या दोरीने झोका द्यायचे. त्या हंगामात आणखी तीन मुली भावंडांना काखेत घेऊन आल्या. त्या झोळीमुळे माझी शाळा सुटली नाही.

मी तिसरीत असताना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, पण हजेरी ऐंशी टक्के भरली तरच. आमच्या घरी बारा महिने ज्वारीची भाकरी, भात सणाला नाहीतर पाहुण्याला. पिशवी डोक्यावर घेऊन मी घरी गेले तेव्हा आजीने ती आधी देवापुढे ठेवली.

बाई गावातच खोली घेऊन राहायच्या. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांतच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, अशी रीत. आजी म्हणाली, "रीत मोडवत नाही, पण मास्तरीन उपाशी कशी ऱ्हाईल?" आणि तिने बाईंसाठी खापरावर वेगळ्या पुरणाच्या पोळ्या केल्या. माझ्या हाती डबा पाठवला, तर बाईंच्या ओट्यावर आधीच पाच-सहा घरचे डबे येऊन बसलेले.

बोरी नदी उन्हाळ्यात नुसती वाळू, पण एकदा भर दुपारी कुणीतरी ओरडलं, "बोरीले पूर उना!" पलीकडच्या वस्तीवरची अकरा मुलं शाळेतच अडकली. गुरुजींनी हजेरीपट काढून त्यांची नावं तीनदा घेतली. अंधार पडायच्या आत गावातून भाकरी, पिठलं, गोधड्या आल्या. रात्रभर बाई आणि गुरुजी जागे होते, बाबा कंदील घेऊन ओट्यावर बसले होते. सकाळी पाणी उतरल्यावर गावच्या माणसांनी साखळी धरून एकेक मूल पलीकडे दिलं. गुरुजी शेवटपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. शाळेची कौलं बदलायची वेळ आली तेव्हा याच गावाने घरटी कापूस गोळा करून विकला.

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा गुरुजींनी भिंतीवरच्या जुन्या नकाशावर लाल खडूने रेघ ओढून दाखवली होती. त्या रेघेपलीकडे आज मी आरोग्यसेविका आहे. इथे पावरी बोलतात. आल्या आल्या मी एक लांबट वही घेतली. कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, हे सारं बायांना विचारून विचारून त्यांच्याच बोलीत लिहून ठेवलं. ती वही आजही माझ्या पिशवीत असते.

गुरुजी आणि बाबा आता नाहीत. बाई निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. हा लेख लिहायला बसण्याआधी मी त्यांना फोन लावला. रेंज येत-जात होती. मी दोनदा विचारलं, "बाई, आहात ना?"

पलीकडून आवाज आला, "शे वं माय, आठेच शे."