तेल कमी, चिंधी जास्त

मिगच्या पोटाखाली शिरायचं म्हटलं की आधी ताडपत्रीचा तुकडा अंथरायचा. मे महिन्यात राजस्थानात सकाळी दहानंतर टारमॅकला पाठ लावायची सोय नसते, आणि पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही. म्हणून आमचा दिवस पहाटे चारला, बॅटरीच्या उजेडात सुरू व्हायचा. मी हवाई दलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानावरची शस्त्रं सांभाळणारा कारागीर होतो. बेळगावजवळ सांब्र्याला रंगरूटपणा, मग ट्रेडचं शिक्षण, आणि 1996 च्या उन्हाळ्यात जैसलमेर-बाडमेर पट्ट्यातल्या एका तळावर मिग-21 बिस या लढाऊ विमानाची गन माझ्या हातात आली.

ही गन म्हणजे रशियन जीएसएच-23. दोन नळ्या, 23 मिलिमीटरची गोळी, वजन साधारण 50 किलो. तिचं काम उखळात दोघी बायका आळीपाळीने मुसळ घालतात तसं चालतं. एक नळी उडाली की तिच्याच धक्क्याने दुसरी भरते, दुसरी उडाली की पहिली. मिनिटाला तीन हजारांच्या पुढे गोळ्या असा वेग, आणि विमानात गोळ्या 200. म्हणजे घोडा दाबून धरला तर चार सेकंदांत खेळ खलास. पण एकीचं मुसळ अडलं की दुसरीचंही थांबतं, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

माझी समजूत साधी होती: रखरखीत हवा, कोरडं लोखंड, तर तेल सढळ हाताने द्यावं. आमच्या गावी मोटेच्या चाकापासून इंजिनापर्यंत कुरकुर ऐकू आली की तेलाची बुधली पुढे येते. मीही तेच केलं. दोन दिवस आंधी चालली होती. नळ्यांच्या तोंडावर कव्हर होतं, पॅनल बंद होते, मी निश्चिंत. पण तिथली वाळू नुसती जाडी नसते. तिच्यासोबत पिठासारखी धूळ येते आणि ती स्क्रूच्या खाचेतूनही आत जाते. त्यात या विमानाची गन पोटाला, पुढच्या चाकाच्या मागे. धावपट्टीवरचं जे काही उडतं ते थेट तिच्याच अंगावर.

गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर पायलटने घोडा दाबला. एक छोटी फैर गेली आणि गन गप्प. अडलेली गन पुन्हा भरायला आत दारूची छोटी काडतुसं असतात, ती वापरूनही काही नाही. विमान परत आलं ते नेहमीच्या जागी नाही, लांब, नाक मातीच्या बांधाकडे करून उभं केलं. अशा वेळी समोर कुणी फिरकायचं नाही. नळी तापलेली असते, आतली गोळी नुसत्या उष्णतेने उडू शकते. ती निवेपर्यंत थांबायचं. ती अर्धी दुपार मला आजही आठवते. कुणी काही बोलत नव्हतं, आणि एफ-700 च्या, म्हणजे विमानाच्या देखभाल-नोंदवहीच्या रकान्यात सही माझी होती.

गोळ्यांचा पट्टा काढला, गन खाली उतरवली, आर्मरीत टेबलावर उघडली. आत वाळू अशी दिसतच नव्हती. दिसला तो करडा, चिकट लेप, गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसा. थरच्या वाळवंटातली वाळू बहुतेक गारगोटीची. ती पोलादालाही ओरखडे काढते, फक्त तिला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते मी पुरवलं होतं. आमचे वरिष्ठ वॉरंट ऑफिसर, म्हणजे वॉरंट साब, त्यांनी अंगठ्यावर तो लेप चोळला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तेल दिया था या नहलाया था?"

त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी मला दुसरं काम दिलं नाही. आधी सगळं तेल सॉल्व्हंटने पूर्ण उतरवायचं. मग चिंधी. फौजेत नळीतून ओढायच्या फडक्याला चिंधीच म्हणतात, सगळ्या हिंदी-इंग्रजी गलक्यात तेवढा एक घरचा शब्द. पांढरी जाईपर्यंत नाही, पांढरी *परत येईपर्यंत* ओढायची. शेवटी सरकत्या भागांवर तेलाचं बोट फिरवून तेही पुसून घ्यायचं. उरेल तेवढं पुरे. वॉरंट साबची परीक्षा अशी: कोरड्या बोटावर तकाकी दिसली पाहिजे, ओल नाही. पट्ट्याच्या कड्या एकेक पुसायच्या, गोळ्यांच्या पेट्या सावलीत आणि झाकून. फायरिंग झालं की त्याच दिवशी सफाई, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा, कारण जळालेल्या दारूचा मळ हळूहळू "घामासारखा" वर येतो. नळ्यांच्या तोंडाशी धुराची दिशा वळवणारा भाग असतो, त्याच्या खाचा तर दात घासायच्या ब्रशने. मला हे काम सगळ्यांत कंटाळवाणं वाटायचं. अजूनही वाटतं.

वॉरंट साब तरुणपणी हंटर या जुन्या लढाऊ विमानावर होते. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालावर चालून आलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर जैसलमेरहून जी हंटर गेली, त्यांच्यात 30 मिलिमीटरच्या चार-चार एडन गन होत्या. ते सांगायचे, हंटरची सोय न्यारी: चारही गन आणि गोळ्या एकाच पेटीत, रिकामी पेटी खाली ओढा, भरलेली वर चढवा. नळ्या तेवढ्या विमानातच राहतात. "आणि तुम्हाला एक गन झेपत नाही," हे शेवटी ठरलेलं.

ऑगस्टमध्ये उलटंच संकट आलं. चार सरी पडल्या, हवा दमट झाली, आणि मी इमानेइतबारे कोरड्या ठेवलेल्या एका भागावर तांबूस ठिपके दिसले. म्हणजे मापही ऋतूप्रमाणे बदलायचं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. वॉरंट साब हसले, आणि बुधली स्वतः पुढे केली.

त्या दिवाळीला रजेवर घरी गेलो. आईची शिलाई मशीन करकरत होती. मी ती उघडली, जुनं तेल पुसलं, एकेक भाग चिंधीने कोरडा केला आणि बोटाने तकाकीपुरतं तेल लावलं. आई दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अरे, फौजेत तेलाला पैसे पडतात का रे? घाल की अजून!"