कोबी, नवलकोल आणि मोहरी

रविवारी मंडईतल्या मावशींनी कोबीचा गड्डा, फ्लॉवर आणि दोन नवलकोल पिशवीत टाकले. "तीन भाज्या झाल्या बघा." मी मान डोलावली. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मात्र ही एकच जात, ब्रासिका ओलेरासिया. एकाच रानटी रोपाची पानं कुणी वाढवली, कुणी फुलोरा, तर कुणी खोड फुगवलं. आजही ती शेजारी फुलू दिली तर संकर होतो. म्हणून बियाणं धरणारे त्यांना लांब लांब लावतात.

(जात म्हणावं की प्रजाती? शाळेच्या पुस्तकात प्रजातीच्या पोटात जाती येतात, वर्तमानपत्रात जातीलाच प्रजाती म्हणतात. नावापासूनच घोळ.)

ज्यांची आपसात प्रजा वाढते आणि इतरांशी वाढत नाही ती एक जात, असं पक्षीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 साली मांडलं. हे मला पटतं, ते कावळ्यांमुळे. आमच्या समोरच्या तारेवर राखाडी मानेचा गावकावळा आणि काळाकुट्ट डोमकावळा शेजारी बसतात, एकाच शिळ्या पोळीवर भांडतात, पण घरटं आपापल्यातच बांधतात. त्यांना कुणी पुस्तक दाखवलेलं नाही. न्यू गिनीच्या डोंगरात मायर यांनी पक्ष्यांच्या 137 जाती मोजल्या, तर तिथल्या लोकांकडे त्यांच्यासाठी 136 नावं आधीपासूनच होती. जाती म्हणजे निव्वळ सोयीसाठी पाडलेले कप्पे असते, तर इतका मेळ बसला नसता.

एवढं मनाशी ठरवून कढई ठेवली आणि मोहरी तडतडली. तिथंच पंचाईत झाली. आपल्या फोडणीतली बहुतेक मोहरी ही सलगमची जात आणि काळी मोहरी यांच्या संकरातून आलेली. एकीची गुणसूत्रं 20, दुसरीची 16, आणि हिची 36. बेरीज चोख! नागाहारू यू या शास्त्रज्ञांनी 1935 साली हे नातं मांडलं. म्हणजे दोन जातींनी कुंपण ओलांडलं आणि तिसरीच जात उभी राहिली. शेजारच्या फळीवर केळी होती. त्यांना बीच नाही, बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांवर वंश चालतो. त्यांना मायर यांची अट लावायची तरी कशी?

जेवताना हे सगळं उत्साहानं लेकाला सांगितलं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, तिन्हींना तो नाक मुरडतो.

"म्हणजे मी एकच भाजी खात नाही," तो म्हणाला. "तू सगळ्यांना तीन सांगतेस."